लोखंडी धावेची बाबागाडी

एकनाथराव वैजापूरकरांचं घराणं तीन पिढ्या निजामाच्या नोकरीत, आणि चिक्कडपल्लीतल्या एका बैठ्या घरापलीकडे तीन पिढ्यांत कुणी काही कमावलं नाही. कमावले ते कान. मैफलीत कुणी अडकित्त्यानं सुपारी कातरली तर एकनाथराव मान वळवून असे बघत, की कातरणाऱ्यानं उरलेली सुपारी अख्खीच खिशात टाकावी. एकदा एका नवाबसाहेबांनी पानाचा डबा खटकन मिटला, तर त्यांनाही तीच नजर मिळाली होती. नवाबसाहेबांनी उठून आदाब केला आणि माफी मागितली. ही गोष्ट एकनाथराव स्वतः कधी सांगत नसत. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई सांगत, आणि त्याही नवऱ्याबद्दलची तक्रार म्हणून सांगत.

या घरात मूल जन्मलं की चारचौघांसारखी मधाची घुटी दिली जाई, पण तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत आणखी एक घुटी असे. गौलीगुड्यातल्या मठात नवरात्रभर गाण्याचा उत्सव चाले. शेवटच्या सकाळच्या बैठकीत, भैरवीच्या आधी, घरातल्या सर्वांत वडील पुरुषानं मूल आपल्या हातांनी नेऊन गवयाच्या पुढ्यात बसवायचं. गवई तंबोऱ्याचा भोपळा मुलाच्या पाठीला टेकवी आणि त्याच्या कानाशी षड्ज लावी. बस्स, एवढंच. याला घरात सुराची घुटी म्हणत. एकनाथरावांना त्यांच्या आजोबांनी नेलं होतं. मुलगा मुकुंद याच्या वेळी एकनाथरावांचे वडील हयात होते, त्यामुळे नेण्याचा मान त्यांचा. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांचे हात बघून झाल्यावर आता कुठे एकनाथरावांची पाळी आली होती, नात सुमनच्या रूपानं.

आणि पाळी आली ती अशा वर्षी, की देवानं ठरवून थट्टा करावी. हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे व्हायचे होते. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसुराकडे, उरलेले आंध्राकडे. कचेऱ्यांतून टेबलं, पंखे, कपाटं यांच्या वाटण्या चालल्या होत्या आणि त्याबरोबर माणसांच्याही. पाटबंधारे खात्यातल्या मुकुंदाला औरंगाबाद मिळालं. दिवाळीच्या आत तिथे हजर व्हायचं होतं. एकनाथराव कोर्टातून सरिश्तेदार म्हणून निवृत्त झालेले. पेन्शन इथं, घर इथं, आणि स्वभाव तर कुठेच हलणारा नव्हता. ते जाणार नव्हते. म्हणजे घुटी द्यायची तर याच नवरात्रात. पुढल्या वर्षी सुमनचं वय उलटलेलं असणार, आणि आपण असू की नाही, याची एकनाथरावांना खात्री नव्हती.

ती खात्री पावसाळ्यातच गेली होती. आषाढात एका सकाळी त्यांच्या हातातला पेला खाली पडला आणि त्यानंतर डावा हात खांद्याला नुसता लोंबकळत राहिला. जीभ सुटली, पाय सावरला, हात काही परत आला नाही. सुमन सव्वादोन वर्षांची, अंगानं चांगली गुबगुबीत. चार पावलं चालायची आणि बसकण मारायची. अनोळखी माणसानं हात पुढे केला की भोकाड. तिला एका हातावर उचलून, माणसांच्या गर्दीतून, मंचापर्यंत न्यायचं कसं? सून प्रमिलाला पाचवा महिना होता, तिला उचलायची मनाई. मुकुंद म्हणाला, मी नेतो, तुम्ही शेजारून चला. एकनाथरावांनी त्याच्याकडे नवाबसाहेबांकडे बघितलं होतं तसं बघितलं.

दोन दिवस विचार करून त्यांनी निवाडा दिला. मूल गाडीत बसलेलं असेल आणि गाडीचा दांडा वडील पुरुषाच्या हातात असेल, तर मूल त्याच्याच हातात आहे असं मानावं. या निवाड्यावर अपील नव्हतं. आता प्रश्न राहिला गाडीचा.

कोर्टात उभी हयात गेलेला माणूस गाडी विकत घेत नाही, तिची चौकशी करतो. आधी बोलारमच्या छावणीतून निघालेली एक विलायती बाबागाडी बघायला ते गेले. स्प्रिंगांवर झुलणारी, रबरी चाकांची, वर काळं छत. प्रमिलाला ती फार आवडली. एकनाथरावांनी एका हातानं ती हलवून पाहिली, ती होडीसारखी डुलली. रबराचा काय भरवसा, खिळा लागला की बसली, असा शेरा मारून त्यांनी ती नामंजूर केली. मग अफझलगंजातल्या खेळण्यांच्या दुकानात पांगुळगाडा बघितला, तो चालायला शिकणाऱ्या पोरांचा, त्यात बसता येत नव्हतं. मुकुंदानं साखरेच्या खोक्याला छर्ऱ्यांची चाकं लावून द्यायची तयारी दाखवली. तो अर्ज दाखलच झाला नाही.

शेवटी अफझलगंजाच्याच मागच्या गल्लीत टांगे बनवणारा यूसुफमिस्त्री सापडला. एकनाथरावांनी त्याला अटी सांगितल्या. गाडी खड्ड्यात कलंडता कामा नये. एका हातानं ढकलली तरी सरळ गेली पाहिजे. आस तुटता कामा नये, बैठक ढिली होता कामा नये, आणि पोरीचं बोट कुठंही अडकता कामा नये. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं आणि शिसवीची बैठक, टांग्याच्या चाकांसारखी पण लहान चार चाकं, आणि चाकांना लोखंडी पट्टीची धाव अशी गाडी बनवली. ती बघून एकनाथरावांचे डोळे निवले. मिस्त्री म्हणाला, "सरकार, हत्ती बैठा तो बी कुच नै होता." घरी सुशीलाबाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हत्ती कधी आणायचा म्हणून विचारलं.

घराच्या अंगणात माती आणि मुरूम. तिथे एकनाथरावांनी रोज सकाळी गाडीची तालीम केली. सुमन बैठकीत, पदराच्या पट्ट्यानं बांधलेली; मागं आजोबा, उजव्या हातात दांडा. गाडी जड होती, पण रेघ मारल्यासारखी सरळ जाई. आदल्या दिवशी मठात जाऊन त्यांनी छत्रीनं वाट मोजून घेतली. दोन्ही बाजूंच्या सतरंज्यांमधून गाडी आरामात जात होती. मंचाला उतरती फळी लावायला सांगितली. मठात पायताण चालत नाही म्हणून चाकं धुऊन न्यायचंही ठरलं. दत्तोबा बिदरकर बुवांना, म्हणजे त्या सकाळच्या गवयांना, निरोप गेला होता. त्यांनी मुकुंदालाही लहानपणी घुटी दिली होती, आणि आता त्यांचं बिदरही म्हैसुरात चाललं होतं. पुढल्या वर्षी ते येतील की नाही कुणाला ठाऊक. सगळं बघून झालं होतं. एक सोडून.

माझ्या मते अशी चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. ज्याला गाण्यातलं कळत नाही त्यानं पहिल्यांदा तेच पाहिलं असतं. पण एकनाथरावांच्या हिशेबी मैफलीबाहेरचा आवाज हा आवाजच नव्हता. रस्त्यावरचे टांगे, बंड्या, फेरीवाले हे त्यांच्या कानांना दिसतच नसत म्हणा ना. कान ते फक्त मैफलीत उघडत, एखाद्यानं ठेवणीतला शालू काढावा तसे.

शेवटची सकाळ उजाडली. प्रमिला आणि सुशीलाबाई रिक्षानं पुढे गेल्या. एकनाथराव गाडी ढकलत पायी निघाले, बरोबर मुकुंद. रस्ता सिमेंटचा, त्यावर गाडी खडखडत होती, पण रस्त्यावर काय नाही खडखडत? एकनाथराव मनातल्या मनात बुवांचा षड्ज लावत चालले होते. सुमन मात्र खुशीत होती. चाकं वाजली की ती टाळ्या पिटायची, थांबली की मागं वळून आजोबांकडे तक्रारीनं बघायची. मुकुंदानं एकदोनदा दांडा धरायला हात पुढे केला. मग त्यानं तो खिशातच घातला.

मठाच्या आवारात पोचले तेव्हा बुवांनी भैरवीआधीचा शेवटचा राग धरला होता. विलंबित आलाप, इतका हळू की माणसं श्वाससुद्धा बेतानं घेत होती. एकनाथरावांचा चेहरा पालटला. त्यांचे कान उघडले होते. दारात त्यांनी चाकांवर पाणी ओतवून घेतलं, धोतराचा सोगा सारखा केला, आणि दोन सतरंज्यांमधल्या उघड्या वाटेवर गाडी ढकलली. ती वाट शहाबादी फरशीची होती.

लोखंडी धाव आणि शहाबादी फरशी. काय झालं ते सांगायलाही जिवावर येतं. मठाच्या चारी भिंतींनी तो खडखडाट उचलला आणि दुप्पट करून परत दिला. एकनाथराव घाबरून पुढे झाले तर आणखी चार फरशा वाजल्या. बुवांचा आलाप मध्येच तुटला. तबलजीचा हात अधांतरी राहिला. झाडून सगळं आवार मागं वळलं, आणि ज्या नजरेनं एकनाथरावांनी तीस वर्षं लोकांना जाळलं होतं ती नजर शेकड्यांनी त्यांच्याकडे आली.

ते थांबले. दारापासून निम्मी वाट झाली होती, मंचापर्यंत निम्मी उरली होती. पुढे जावं तर आवाज, मागं यावं तर तितकाच आवाज. डावा हात लोंबता, उजव्यात दांडा. गाडी उचलून घ्यावी तर ती यूसुफमिस्त्रीनं हत्तीसाठी बनवलेली. त्यांनी बुवांकडे पाहून मान खाली घातली. बुवांनी ओळखलं, हलकेच हसले, आणि पुन्हा सूर धरला. ते फार मोठं मन होतं. पण त्यानं एकनाथराव आणखीच अडकले. आता तर हलणं म्हणजे दुसऱ्यांदा गुन्हा.

गाडी थांबली तशी सुमनला करमेना. तिनं आधी मागं वळून पाहिलं. मग बैठकीवर हात आपटले. मग तिचा ओठ बाहेर आला. एकनाथराव वाकून तिच्या कानाशी कुजबुजले, थोपटलं, खिशातला खडीसाखरेचा खडा दिला. तिनं तो फरशीवर टाकला. आणि मग तिनं सूर लावला, तो बुवांच्या कुठल्याच सुरात बसणारा नव्हता.

मुकुंद वाकून पुढे आला. त्यानं पदराची गाठ सोडली आणि पोरीला खांद्यावर घेतलं. एकनाथरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी मानेनं मंचाकडे खूण केली. ने. तू ने. तुझ्या हातानं चालेल. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपला निवाडा फिरवला होता. पण मुकुंद त्यांच्याकडे बघतच नव्हता. लाजेनं तो लालबुंद झाला होता आणि रडणारी पोर घेऊन तो दाराकडे वळला. दारापाशी प्रमिला भिंतीला टेकून उभी होती, गर्दीनं आणि उपवासानं तिला घेरी येत होती. एकनाथरावांनी हाक मारायला तोंड उघडलं.

हाक आली नाही. गाणं चाललं होतं. तीस वर्षांत त्यांनी चालू गाण्यात शब्द काढला नव्हता. उघडं तोंड त्यांनी तसंच मिटलं. मुकुंद, सून आणि नात दाराबाहेर गेले, आणि एकनाथराव मोकळ्या गाडीचा दांडा धरून वाटेच्या मधोमध उभे राहिले.

मग भैरवी झाली. लोक म्हणाले त्या दिवशी बुवांची भैरवी काही वेगळीच होती. एकनाथरावांना त्यातलं काहीही आठवत नव्हतं. माणसं उठली तेव्हा ते गाडी तिथेच सोडून बाहेर धावले, पण मुकुंद प्रमिलाला घेऊन रिक्षानं घरी गेला होता. परत आत आले तर बुवा शालजोडी खांद्यावर टाकून निघण्याच्या तयारीत, त्यांना बिदरची बस गाठायची होती. बुवांनी त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "रावसाहेब, पुढल्या वर्षी देऊ." दोघांनीही मान हलवली. दोघांनाही ठाऊक होतं.

घरी गेल्यावर बोलाचाली झाली नाही, हेच वाईट. मुकुंद म्हणाला, "आबा, माझं लक्षच नव्हतं हो. मी परेशान झालो." एकनाथराव म्हणाले, ठीक आहे. सुशीलाबाईंनी त्या दिवशी हत्तीचं नाव काढलं नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या की रबराची बरी होती. एकनाथराव त्यावरही ठीक आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून घरात ट्रंका उघडल्या. एकनाथरावांना बांधाबांधीत कुणी हात लावू देईना, आणि ज्यांच्याकडे एकच हात त्यांनी तो कुठे लावायचा? मग ते सुमनला गाडीत घालून बाहेर काढत. अंगणातल्या मुरमावर तिला आता गोडी उरली नव्हती. तिला आवाज हवा होता. चौकाजवळ एका वकिलाच्या बंगल्यापुढे फरशीचा फूटपाथ होता, तिथे ते तिला नेत. खड खड खड खड या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. सुमन खिदळायची आणि म्हणायची, "आबा! आबा!" ज्या माणसाला पानाचा डबा सहन झाला नव्हता तो माणूस भर दुपारी तो खडखडाट करत हिंडत होता. वकीलसाहेबांनी नोकराबरोबर सांगून पाठवलं. एकनाथरावांनी नोकराला सांगितलं, थोडेच दिवस आहेत, म्हणावं.

एकदा फूटपाथच्या टोकाला त्यांनी गाडी थांबवली आणि वाकून तिच्या कानाशी स्वतःच षड्ज लावला. गळा कापरा, सूर खाली उतरलेला. सुमननं कान चोळला आणि चाकाकडे बोट दाखवलं. त्यांनी पुन्हा दांडा धरला.

गाडी बरोबर न्यायची का, हा विषय त्यांनीच काढला. मुकुंदानं समजावून सांगितलं. औरंगाबादेत मिळालेली जागा माडीवर होती, जिना शिडीसारखा. गाडी रेल्वेनं न्यायची तर वजन एखाद्या कपाटाइतकं. प्रमिला म्हणाली, "मामंजी, इथं असू द्या. आम्ही आलो की आहेच." एकनाथराव म्हणाले, हौ, आहेच. ती मोडणारी नव्हतीच. नेमकी तीच तिची खोड होती.

जायच्या दिवशी सगळे काचीगुड्याला गेले. स्टेशनवर अशीच कितीतरी घरं वळकट्यांवर बसलेली. कुणी औरंगाबादला, कुणी परभणीला, कुणी मुंबईला. म्हाताऱ्या बायका सुनांना तीच तीच गोष्ट पुन्हा सांगत होत्या. एकनाथराव ट्रंका पुन्हा पुन्हा मोजत होते. मुकुंदानं वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी उजवा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. त्यांना सांगायचं होतं, तिकडे कुणी चांगला गवई असेल तर बघ. पण तिसरं वर्ष, वडील पुरुष, आपला हात, यातलं काहीच आता राहणार नव्हतं. मग सांगून काय उपयोग?

गाडीनं शिट्टी दिली. सुमन खिडकीत प्रमिलाच्या मांडीवर होती. एकनाथराव खिडकीशी उभे राहिले आणि गजांतून बोट आत घातलं. तिनं ते धरलं, पण तिचं चित्त गर्दीत होतं. "आबांना टाटा कर," प्रमिला म्हणाली. सुमननं त्यांच्याकडे पाहिलं आणि नुसतीच पाहत राहिली, इतक्या माणसांत हाही एक म्हातारा.

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून एक हमाल सामानाचा रिकामा ठेला ओढत गेला. लोखंडी चाकं, दगडी फलाट. खड खड खड खड.

सुमनचा चेहरा एकदम उजळला. तिनं त्यांचं बोट सोडलं, मान उंच करून त्यांच्या खांद्यावरून पलीकडे ठेल्याकडे पाहिलं, दोन्ही हात त्या आवाजाकडे पसरले आणि ओरडली, "आबा!"

एकनाथराव तिच्या पुढ्यात उभे होते. ती त्यांना हाक मारत होती आणि त्यांच्याकडे बघत नव्हती. घुटी लागली होती. त्यांनीच दिली होती, आपल्या हातानं, तिसऱ्या वर्षाच्या आत. फक्त तो षड्ज नव्हता.

डबा हलला. सुमनचे हात अजून ठेल्याकडेच होते आणि ठेला लांब जात होता. तिचा ओठ बाहेर आला. एकनाथराव वळले आणि गर्दीतून वाट काढत हमालाच्या मागं धावले. "भाई, ठैरो," ते म्हणाले. "ये ठेला जरा वापस लेव. उधर, डब्बे के बाजू से."

"खाली है साब," हमाल म्हणाला.

"होने देव. खालीच लेव."

हमाल त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला कळेना आणि गाडी तर निघाली होती. एकनाथरावांनी त्याच्या हातातून दांडा घेतला आणि उजव्या हातानं ठेला फलाटावरून ओढत डब्याच्या बाजूनं पळू लागले. डावा हात शेजारी लोंबत होता. माणसं बाजूला होत होती, कुणी रागानं बघत होतं. ठेला होता होईल तेवढा वाजत होता.

पण आगगाडीची चाकंही लोखंडीच होती आणि ती कितीतरी जास्त होती. फलाट संपला तिथे एकनाथराव थांबले. ठेल्याचा आवाज खिडकीपर्यंत पोचला की नाही, हे त्यांच्या कमावलेल्या कानांना काही सांगता आलं नाही.